राजाबाईचा तपकिरी गॉगल

गॉगल म्हटलं की लोकांना सिनेमाची पोस्टरं आठवतात. मी त्यातला नव्हे. माझी चौकट जाड आहे, काचा तपकिरी आहेत आणि दांड्यांना कानामागून सुतळी बांधलेली आहे. मला कुणी मिरवायला घेतलं नाही. सोलापूरजवळ हिप्परग्याच्या तलावावर मासे धरणाऱ्या राजाबाईच्या नाकावर मी बसतो. माझी हकीकत म्हणजे निम्मी तिचीच.

माझा जन्म मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझी प्रत्येक काच म्हणजे खरं तर दोन पातळ काचा, आणि त्यांच्या मध्ये एक पापुद्रा दाबलेला. खिडकीला उभे गज असावेत तसा तो पापुद्रा काम करतो. पाण्यावर आपटून येणारी चकाकी आडवी येते आणि ती या गजांना अडते. बाकीचा उजेड आत येतो. एवढंच माझं कसब.

तिथून मी सोलापुरात नवी पेठेत बसलिंगप्पांच्या चष्म्याच्या दुकानात आलो. तिथं माझे दिवस वाईट गेले. कॉलेजची मुलं येत, मला डोळ्यांवर चढवत, आरशात बघत आणि लगेच काढून ठेवत. "हा तर वेल्डिंगवाल्याचा दिसतोय," असं एकानं म्हटल्याचं मला अजून आठवतं. शेजारच्या काळ्याभोर, सोनेरी दांडीच्या गॉगलला मात्र सगळे उचलत. बसलिंगप्पा आठवड्यातून एकदा माझ्यावरची धूळ पुसत आणि मला पुन्हा मागच्या रांगेत ठेवत.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. तलावात पाणी परत आलं होतं. त्या उन्हाळ्यात एक दिवस राजाबाई आणि तिचा नवरा कुंडलिक दुकानाची पायरी चढून आले. कुंडलिकचे डोळे लाल होते. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बुबुळाकडे मांस सरकत चाललं होतं. उन्हाची आणि पाण्याची तिरीप वाचवा, नाहीतर हे वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुंडलिक दाराशीच उभा राहिला. त्याला यायचंच नव्हतं. बोलली ती राजाबाई.

"अण्णा, काळा गागल दावा. लई काळा."

"काम काय करता तुमी?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"तलावावर जाळं टाकतो," कुंडलिक दारातून म्हणाला.

"मग लई काळा घेऊ नका, अक्का. मासळीतलं मला काय कळत न्हाई, आमच्या घरात ती शिजत न्हाई. पण काचंतलं कळतं. ऊन येगळं आणि चकाकी येगळी. नुस्ता काळा लावला तर अंधार हुतो, आणि पाण्यावरचं लखलख हाय तसंच ऱ्हातं."

राजाबाईला ते पटलं नाही. दुकानदार जुना माल खपवतोय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बसलिंगप्पांनाही ते दिसलं. ते आत गेले, पाण्याची बादली भरून आणली, उन्हात पायरीवर ठेवली आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा तिच्यात टाकला.

"आता आरशात बगू नका. हितं बगा."

तिनं आधी तो सोनेरी दांडीचा गॉगल लावला. बादलीत सूर्याचा काळपट गोळा हलत होता, बाकी काही नाही. मग मला लावलं. मी पहिल्यांदाच पाण्याकडे बघत होतो. सूर्याचा गोळा विझला आणि तळाशी किल्ल्या दिसल्या, एक एक सुटी.

"अवं, हिकडं या," ती नवऱ्याला म्हणाली. "या तरी."

बसलिंगप्पांनी माझ्याच जातीचा एक राखाडी गॉगलही दाखवला. तो निवळ पाण्यावर बरा, असं ते म्हणाले; गढूळ पाण्यावर तपकिरीच घ्या, मातीच्या रंगातून मासा उठून दिसतो. राजाबाईनं मग मला उलटंसुलटं करून तपासलं. कुंडलिकला खाली वाकायला लावलं, मान झटकायला लावली. मी नाकावरून घसरलो. तेव्हा दांड्यांना सुतळी बांधायचं ठरलं. बाजूनं ऊन आत येत होतं. "त्याला मी कापडाच्या झापा शिवते," ती म्हणाली.

"अजून एक," बसलिंगप्पांनी मला कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं. "मान सरळ ठिवून बगायचं. मान आडवी झाली की चकाकी परत येती. आणि तापल्या पत्र्यावर ह्याला ठिवू नका, मधला पापुद्रा सुटतो."

तलावावर मी कुंडलिकच्या डोळ्यांवर फार दिवस टिकलो नाही. गूळ करायची मोठी लोखंडी काहील असते ना, तीच भोई लोकांची नाव. काहिलीत कुंडलिक जाळं सोडायचा आणि राजाबाई वल्हं मारायची. पहिल्याच आठवड्यात बांधावरून कुणीतरी विचारलं, "कुंडलिकराव, पिक्चर कवा लागणार?" सगळे हसले. कुंडलिकनं मला काढलं आणि बायकोच्या ओटीत टाकलं. डोक्याला ओलं फडकं बांधून, उन्हाकडे पाठ करून तो काम करू लागला.

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. मी उगाच पडून राहण्यापेक्षा म्हणून तिनंच मला लावलं आणि वल्हं मारता मारता थांबली.

दुष्काळात तलावाचा तळ उघडा पडला होता. तेव्हा तिथं वेडी बाभूळ माजली. पाण्यासाठी लोकांनी तळात विहिरी खणल्या, काठाला दगड रचले. मग पाऊस झाला आणि हे सगळं पाण्याखाली गेलं. वरून दिसायचं ते फक्त लखलखतं पाणी. जाळी कुठं फाटतात हे सगळ्यांना फाटल्यावरच कळायचं. राजाबाईला आता बाभळींचे काळे सांगाडे दिसले. एका बुंध्याशी मरळ मासा उभा होता, शेपटीसुद्धा न हलवता. थोडं पुढं विहिरीचं गोल तोंड होतं.

"जाळं हितं सोडू नका," ती म्हणाली. "खाली बाभळ हाय. थोडं उजव्या अंगाला घ्या."

कुंडलिकनं तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. त्याला काहीच दिसत नव्हतं. तरी त्यानं जाळं उजवीकडे सोडलं. त्या दिवशी ते न फाटता वर आलं आणि भरून आलं. तेव्हापासून मी तिचा झालो.

पण ही गोष्ट कुंडलिकचा थोरला भाऊ तात्याबा याला खटकत होती. तात्याबाची काहील वेगळी, पण लांब जाळं टाकायचं असलं की दोघे भाऊ मिळून टाकत. तो अंगानं दांडगा, पोहण्यात पटाईत आणि शब्दाला कडक होता. एका संध्याकाळी जाळी वाळत घालताना तो राजाबाईकडे न बघता भावाला म्हणाला, "बाजारात बाया पदरात तोंड घालून हसत्यात. भोयाची सून गागल लावून बसती म्हनं. उद्यापास्नं हे मला दिसता कामा न्हाई."

कुंडलिक जाळ्याची गाठ सोडवत होता. तो सोडवतच राहिला.

राजाबाईनं मला कमरेच्या पान-सुपारीच्या बटव्यात घातलं. तात्याबा बोलला याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. नवरा गप्प बसला, ते तिला लागलं होतं. त्यानंतर दोघंच असली की मी बाहेर यायचो. तात्याबाची काहील दिसली की मी चुन्याच्या डबीशेजारी अंधारात.

भाद्रपदातली ती दुपार. तलाव काठोकाठ भरला होता आणि वारा सुटला होता. दोन काहिली पाण्यावर होत्या. मधे लांब जाळं, त्याला वाळक्या भोपळ्यांचे तरंगते तुंबे बांधलेले. जाळं ओढायला लागले आणि मधेच ते अडलं. दोघा भावांनी जोर लावला. काहील कलली, जाळं आलं नाही.

"जोर लावू नका, फाटंल," राजाबाई म्हणाली. "थांबा, मी बगते." तिचा हात बटव्याकडे गेला. पलीकडच्या काहिलीतून तात्याबानं मान वर केली. हात बटव्यावरच थांबला.

"ऱ्हाऊ दे," कुंडलिक हलक्या आवाजात म्हणाला. "हातानं लागंल." त्यानं कमरेला कोयता खोचला आणि पाण्यात उतरला.

पहिल्या खेपेला तो वर आला. काहिलीचा काठ धरून त्यानं दम घेतला. "बाभळीतच गुतलंय," तो म्हणाला. "येतो सोडवून." आणि पुन्हा खाली गेला.

मी बटव्यात होतो, तरी मला कळत होतं. राजाबाईचं पोट श्वासाबरोबर हलत होतं आणि मी त्याला टेकलेलो होतो. ते हलणं थांबलं. ती श्वास धरून बसली होती, नवऱ्याबरोबर.

पाण्यावरचे तुंबे एकदा आत ओढले गेले. मग पुन्हा एकदा, जोरात. मग नुसते लाटांवर डोलत राहिले.

"भावजी," तिनं हाक मारली. "हे वर आलं न्हाईत."

"येतोय. दमाचा हाय तो," तात्याबा म्हणाला. पण म्हणता म्हणता तो उठून उभा राहिला होता.

तिनं बटवा ओढून काढला. माझी सुतळी सुपारीच्या अडकित्त्यात अडकली होती. तिनं हिसका दिला, एक झाप फाटून आतच राहिली. पानं, चुना, सगळं काहिलीत सांडलं. मला तिनं डोळ्यांवर दाबलं आणि काठावरून बाहेर झुकली.

काहील एकदम कलली. पाणी आत आलं. तोल सावरायला तिनं एका अंगावर भार टाकला आणि मान आडवी झाली. समोर पांढरा पत्रा पसरला होता नुसता. माझे उभे गज आडवे झाले होते. जी चकाकी मी अडवायची, तीच मी आत सोडत होतो. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

त्या पांढऱ्यात तिला कुठंतरी काळी सावली भासली. "तितं, तुंब्यांपाशी," ती म्हणाली.

तात्याबानं उडी घेतली. तो बराच वेळ खाली होता. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत चिखल आणि बाभळीची काटकी होती. "खाली काय बी दिसत न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "कुटं हाय? राजाबाई, कुटं हाय त्यो?"

मग ती मागं सरकली. काहिलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसली, पाठ ताठ केली, मान सरळ केली. खाली बघायचं सोडून तिनं थोडं पुढं, तिरकं बघितलं.

पांढरा पत्रा विरघळला. तपकिरी पाणी उघडलं. बाभळ दिसली, तिच्यावर ताणलेलं जाळं दिसलं, पण कुंडलिक तिथं नव्हता. तिनं जाळ्यामागोमाग नजर नेली. बाभळीच्या पलीकडे विहिरीचं तोंड होतं. जाळं त्या तोंडावर पडलं होतं आणि दगडांच्या काठाशी काहीतरी पांढरं हलत होतं. ती त्याची बंडी होती. बंडीच्या वर एक हात, वर उचललेला.

"हिरीपाशी हायत," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता. "भावजी, तुमच्या मनानं जाऊ नका. ह्यो वेळू धरा."

काहील रेटायचा लांब वेळू तिनं पाण्यात घातला. माझ्यातून बघत बघत ती त्याचं टोक खाली नेत होती. थोडं डावीकडे. अजून खाली. टोक दगडाला लागलं. तिनं वेळू दोन्ही हातांनी गच्च धरला. "टोकाला बंडी लागंल. धरूनच खाली जावा."

ज्या माणसानं मला डोळ्यांसमोर नको म्हटलं होतं, तो त्या बाईच्या हातातला वेळू धरून खाली गेला. त्याला काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. त्याचा हात चाचपडला, बंडीला लागला. मग कुंडलिकच्या कमरेशी गेला, कोयता शोधत. कोयता नव्हता. तात्याबानं जाळ्याला दातांनी धरल्यासारखं मला वाटलं, पण गाळ उठला आणि तेवढंही दिसेनासं झालं.

वेळूला एक हिसका बसला. राजाबाईनं तो सोडला नाही. तिच्या तळहातांची सालटी निघाली. ती गाळाच्या ढगाकडे बघत राहिली आणि मी तिच्या डोळ्यांवर, दोघंही निकामी.

मग पाणी फुटलं. तात्याबाचं डोकं वर आलं आणि त्याच्या खांद्यावर कुंडलिकचं. कुंडलिकचे ओठ निळे होते. पायांना अजून जाळ्याच्या चिंध्या होत्या.

"काहील उलटंल. तू पल्याडच्या काठावर बस," तात्याबा म्हणाला. ती पलीकडे बसली, तोल धरून. तात्याबानं भावाला काठावर पालथा घातला. त्या गडबडीत माझी उजवी काच काहिलीच्या लोखंडावर आपटली आणि कोपऱ्यात चीर गेली. पाण्यात तरंगत, एका हातानं काठ धरून तो दुसऱ्या हातानं भावाची पाठ दाबत होता. पाणी आलं तोंडातून. पुन्हा दाबलं, पुन्हा पाणी. तिनं नवऱ्याचा हात धरला होता, आणि त्या हाताला जीव आहे की नाही हे तिला समजत नव्हतं.

कुंडलिक खोकला. आधी अगदी हलकं, मग पोटातून.

तात्याबानं कपाळ काहिलीच्या लोखंडाला टेकलं आणि तसाच राहिला.

जीव वाचला, पण डावा डोळा गेला. बाभळीचा काटा बुबुळात शिरला होता. दवाखान्यात कुंडलिक पट्टी बांधून पडला होता तेव्हा राजाबाई कॉटशेजारी जमिनीवर बसायची, आणि मी तिच्या बटव्यात असायचो. एक दिवस त्यानं विचारलं, "वरनं तुला काय दिसत हुतं गं?"

"तुमची बंडी."

"मला काय बी दिसत न्हवतं," तो म्हणाला. "नुस्तं वर पांढरं. म्हनलं, आता हितंच." मग त्यानं चाचपडून तिचा तळहात हातात घेतला. सालटी निघाली होती तिथं त्याचं बोट थांबलं.

गावात लोकांनी तात्याबाला विचारलं, एवढ्या गढूळ पाण्यात भाऊ सापडला कसा. "राजाबाईनं बगितला," तो म्हणायचा. माफी वगैरे त्यानं मागितली नाही आणि तिनंही वाट बघितली नाही. पण पुन्हा पाण्यावर गेले त्या पहिल्या सकाळी जाळं हातात धरून तो थांबून राहिला. ती वल्हं मारत होती. तो थांबूनच.

"काय झालं, भावजी?"

"लाव की त्यो," तात्याबा दुसरीकडे बघत म्हणाला. "मग जाळं सोडू."

त्याला आता काही वर्षं झाली. एका डोळ्यानं कुंडलिकला अंतराचा अंदाज येत नाही. जाळं कुठं सोडायचं हे राजाबाई सांगते आणि दोघे भाऊ सोडतात. बांधावरचं हसणं कधी थांबलं ते मला आठवत नाही. बहुतेक लोक कंटाळले असतील.

मी मात्र थकलो आहे. काचेच्या कडेनं पापुद्रा सुटत चालला आहे. दुधाळ डाग पडलाय, तो दर उन्हाळ्याला आत सरकतो. राजाबाई मला ओल्या मऊ कापडानं पुसते, कधी उन्हात ठेवत नाही, तरी वय कुणाला चुकलंय?

यंदाच्या संक्रांतीला तात्याबा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला गेला होता. परत आला तो थेट भावाच्या दारात, हातात कागदाची पुडी. "तुजा जुना झालाय," तो राजाबाईला म्हणाला आणि पुडी जोत्यावर ठेवून उभा राहिला. आत नवा कोरा गॉगल होता. काळाभोर, आणि दांड्यांवर चमकत्या टिकल्या.

दुसऱ्या दिवशी काहिलीत तिनं तो लावला. तात्याबा समोरच्या काहिलीत जाळं हातात घेऊन बघत होता. तिनं पाण्याकडे बघितलं. मी तिच्या मांडीवर होतो आणि मला तिचा चेहरा दिसत होता. पाणी लखलखत होतं, तिच्या काचांवरही तेच लखलखत होतं. आत काहीच उघडलं नव्हतं.

"कसा हाय?" तात्याबानं विचारलं.

"लई झ्याक, भावजी," राजाबाई म्हणाली. "पर ह्यो पाण्यात पडला तर जिवाला लागंल. बाजारात लावते."

तिनं तो काढून पदरात बांधला आणि मला चढवलं.

आता दर बाजाराच्या दिवशी ती टिकल्यांचा गॉगल लावून माशांची पाटी समोर घेऊन बसते. शेजारच्या बायका हसतात, तीही हसते. तात्याबा लांबून बघतो आणि मिशीवरून हात फिरवतो. मी तेवढा वेळ बटव्यात विसावा घेतो. माझे फार पावसाळे उरलेले नाहीत. मी गेलो की कुणीतरी तिच्यासाठी गॉगल घ्यायला जाईल. तुम्हीही कधी जाल. तेव्हा दुकानदाराकडे एक बादली पाणी मागा. नसेल देत, तर पाणी देणारा दुकानदार शोधा. नाहीतर राजाबाईलाच बरोबर न्या, फक्त उद्या नको. उद्या पहाटे पुन्हा जाळं टाकायचं आहे, आणि विहिरीच्या अंगाला मोठा कटला फिरतोय. कालच आम्ही बघितलाय.